खेळातला मासा

कर्टिस बेलांजेला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि आलेलं मत पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. हेमलॉक बे गावात मोटारीच्या सुट्या भागांचं एकच दुकान, तिथे तो गल्ल्यावर उभा असायचा. वायपर घ्यायला आलेल्या माणसाला वायपर मिळायचे आणि वर एक मत फुकट. बाहेर उणे वीस, गाडी चालू ठेवून आलेला माणूस दारातच पाय आपटत उभा, आणि कर्टिस त्याला विचारतोय की सिनेमातली माणसं फोन ठेवताना 'बरं, ठेवतो' असं कधीच का म्हणत नाहीत? बोलणं संपलं की खाडकन फोन बंद. खऱ्या आयुष्यात असं केलं तर आई आठवडाभर बोलणार नाही.

शेवटी मालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की गिऱ्हाईक ब्रेक पॅडसाठी येतं, प्रवचनासाठी नाही.

मग कर्टिसने पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'आपलं माझं एक मत'. रविवारी सकाळी तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी घडीच्या टेबलावर माइक ठेवून तो बोलायला बसायचा. बायकोची, मार्सीची, अट एकच होती: तुझ्या मतांसाठी माझं धुणं थांबणार नाही. त्यामुळे प्रत्येक भागात कर्टिसचं म्हणणं रंगात यायला आणि मशीन पिळायला लागायला एकच गाठ पडायची. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या एका श्रोत्याने लिहून कळवलं होतं की मतांचं माहीत नाही, पण तुमच्या मशीनचं बेअरिंग गेलेलं आहे. उघडून पाहिलं तर खरंच गेलं होतं.

ऐकणारे मोजकेच होते. पण ऐकणारे मोजके असले की माणूस सैल बोलतो, तसा कर्टिस बोलायचा. व्हिडिओ गेममध्ये पाण्याखालचा टप्पा घालणाऱ्या माणसाला त्याच गेममध्ये बुडवलं पाहिजे. सुपरहिरोंचे सिनेमे अडीच तासांचे झाल्यापासून जग वाचलं काय आणि बुडालं काय, आपलं लक्ष फक्त मूत्राशयाकडे असतं. जुना गेम नव्याने रंगवून पुन्हा विकणं म्हणजे कालची भाजी फोडणी देऊन पाहुण्याला वाढणं. सूप हे खाणं नाही, पिणं आहे. दुकानातल्या ज्या यंत्रावर आपणच सामान दाखवून आपणच पैसे भरायचे, ते यंत्र म्हणजे फुकट राबवून घेण्याची शक्कल. आणि पास्टीवर ग्रेव्हीच हवी. हे शेवटचं मत त्याने जरा दबक्या आवाजात दिलं होतं. इथे अप्पर मिशिगनमध्ये कणकेच्या पारीत मांस-बटाटा भरून भाजलेल्या त्या करंजीवर लोक केचप घेतात, आणि ग्रेव्ही मागणाऱ्याकडे परधर्मीयाकडे पाहावं तसं पाहतात. कर्टिस मुळात शेजारच्या विस्कॉन्सिनचा, त्यामुळे त्याला माफी होती.

माफी मिळाली नाही ती मासेमारीला.

त्याचं असं झालं. जानेवारीतल्या एका रविवारी कर्टिस गेममधल्या मासेमारीवर बोलत होता. हल्ली कुठलाही गेम घ्या, शेतीचा असो की तलवारींचा, त्यात एक तळं असतं आणि त्या तळ्यात गळ टाकता येतो. राक्षस गावं जाळत सुटलेला असतो, राजकन्या बुरुजात कोंडलेली असते, आणि आपला वीर तळ्याकाठी निवांत. कर्टिसला हा प्रकार मनापासून आवडायचा. तिथवर ठीक होतं. पण बोलता बोलता त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. तो म्हणाला, की खरं सांगायचं तर खऱ्या मासेमारीपेक्षा ही बरी. खरी मासेमारी म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर जे चक्र फिरत राहतं ना, ते. फरक इतकाच, की चक्र थांबल्यावर गेम सुरू होतो.

"आता माझे सासरे बघा," तो पुढे म्हणाला. "अख्खा हिवाळा गोठलेल्या तळ्यावर संडासाएवढ्या खोक्यात बसून बर्फातल्या भोकाकडे बघतात. संध्याकाळी पेन्सिलीएवढा मासा घेऊन घरी येतात. विचारलं तर म्हणतात, आजचा दिवस चांगला गेला. मग वाईट दिवस कसा असतो, हे विचारायची माझी हिंमत नाही."

मग मशीन पिळायला लागलं आणि भाग संपला.

आमिषाच्या दुकानात कामाला असलेल्या मुलीने तो भाग शनिवारी सकाळी दुकानाच्या स्पीकरवर लावला. शनिवारी सकाळी, म्हणजे अर्धं गाव गळाला लावायच्या जिवंत मासोळ्या विकत घ्यायला बादल्या घेऊन रांगेत उभं असताना.

त्यानंतर गावाने कर्टिसला काही वेडंवाकडं म्हटलं नाही. गावाने फक्त त्याची कीव केली, आणि ती जास्त लागते. चर्चमधल्या एका बाईने त्याचा हात हातात घेऊन विचारलं, की लहानपणी तुला पाण्याचं काही झालं होतं का बाळा. दुकानात येणारे स्पार्क प्लग मागायचे आणि जाताना म्हणायचे, सांभाळून हो, बाहेर खरं जग आहे. शुक्रवारी मार्सी आणि तो नेहमीप्रमाणे तळलेला मासा खायला गावातल्या खाणावळीत गेले. वाढणाऱ्या लोरेनने मार्सीसमोर गरमागरम ताट ठेवलं आणि कर्टिससमोर रिकामं. रिकाम्या ताटात तिने आपला फोन ठेवला. फोनवर माशाचं चित्र होतं.

"खेळातला आहे," लोरेन म्हणाली. "गार व्हायच्या आत खा."

सगळी खाणावळ हसली. मार्सीही हसली, पण गाडीत बसल्यावर तिचा चेहरा बदलला. मासेमारीचं जाऊ दे म्हणाली, पण बाबांना मध्ये आणायची काय गरज होती? आणि आणलंस तर आणलंस, संडास कशाला? कर्टिस म्हणाला की मी संडास म्हटलं नाही, संडासाएवढं म्हटलं. मापाचा दाखला होता तो. मार्सीने रेडिओचा आवाज वाढवला.

मार्सीचा बाप रेनो साल्मेला हा माणूस रागावला आहे की नाही, हे ओळखायला सोपा नव्हता. आयुष्यभर त्याने सरकारी बर्फकाढणीचा ट्रक चालवला होता. पहाटे एकटा, सोबतीला पुढचा पांढरा रस्ता. त्यामुळे बोलायची गरज त्याला अशी पडलीच नव्हती. मुलीच्या लग्नात भाषण करायला उभं केलं, तेव्हा पाहुण्यांवरून एकदा नजर फिरवून तो म्हणाला होता, "झालं एकदाचं. जेवून घ्या." बायको गेल्यावर तर तो तळ्यावरच्या खोपटात जो जाऊन बसला, तो बर्फ वितळल्यावरच गावात दिसायचा. जावयाशी त्याचं बोलणं हवा आणि टायर या दोन विषयांवर चाले, आणि तेही हवेत बदल झाला तर.

एक दिवस तो दुकानात आला. रेनोने एक फ्यूज उचलला, उलटसुलट पाहिला, गल्ल्यावर ठेवला.

"शनिवारी येतो तुला न्यायला," तो म्हणाला. "लोकरीचे मोजे घाल. दोन."

फ्यूज तिथेच ठेवून तो निघून गेला.

शनिवारी सकाळी रेनोच्या ट्रकमधून ते ऑटर तळ्यावर उतरले. उतरले म्हणजे ट्रक सरळ बर्फावरून खोपटापर्यंत गेला, आणि वाटेत कर्टिसने दरवाजाची मूठ सोडली नाही. बरोबर त्याने आवाज टिपायचं छोटं यंत्र घेतलं होतं. मनात बेत असा, की माफी मागावी लागली तर एक भाग तरी पदरात पडेल. खोपटात शिरल्याबरोबर ते त्याने उपड्या बादलीवर ठेवलं आणि विचारलं, चालेल ना? रेनो म्हणाला, बॅटरी गारठेल. कर्टिसने तो होकार धरला.

आत रेनोचा दोस्त आर्विद आधीच बसलेला होता. हा गावचा निवृत्त पोस्टमन, अंगाने गोल, आणि लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. शेगडी पेटलेली होती, शेगडीवर कागदात गुंडाळलेल्या तीन पास्ट्या तापत होत्या. जमिनीत, म्हणजे बर्फात, तीन भोकं, तिसरं ताजं. ते ज्याने पाडलं ते गिरमिट अजून भिंतीला टेकवलेलं होतं, म्हणजे कर्टिसचं येणं आधीच ठरलेलं होतं. रेनोने त्याच्या हातात एक आखूड काठी दिली, गळाला मासोळी लावून दिली आणि भोकाकडे बोट दाखवलं.

मग काही झालं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. आर्विदने नाक शिंकरलं. रेनोने शेगडीत एक लाकूड सारलं. कर्टिस काळ्या पाण्याकडे बघत होता आणि मनातल्या मनात त्याला धन्य वाटत होतं, कारण तो जे म्हणाला होता तंतोतंत तेच समोर घडत होतं. चक्र फिरत होतं. हे बोलून दाखवावं की नाही, असा विचार तो करत असतानाच रेनोने भोकावरची नजर न हलवता तोंड उघडलं.

"पाण्याखालचा टप्पा," तो म्हणाला.

कर्टिसला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"पाण्याखालचा टप्पा वाईट म्हणतोस तू. चूक आहे. पाण्याखाली माणसाची चाल मंद होणारच. जमिनीवर पळता तसंच पाण्यात पळायला लागलात, तर मग पाणी कशाला घातलं?"

 तुम्ही ऐकता का माझा पॉडकास्ट, असं कर्टिसने कसंबसं विचारलं. त्यावर आर्विद खदाखदा हसायला लागला. भिंतीतल्या एका खिळ्याकडे त्याने बोट केलं. खिळ्याला दोरीची पिशवी लटकत होती. फोन त्यात ठेवतो आम्ही, तो म्हणाला, आणि दर सोमवारी तुला लावतो. पहिल्या भागापासून. इथे रेडिओवर एकच स्टेशन लागतं आणि त्यावर दिवसभर डुकरांचे भाव सांगतात.

"आवडतो म्हणून नव्हे हं, जावईबापू," आर्विदने खुलासा केला. "तुझं सगळंच चुकतं. पण तू चुकतोस ते भरघोस. आम्ही दोघं दोन हिवाळे तुला उत्तरं देतोय, पण तू ऐकतोस कुठे? बोलतच सुटतोस."

आणि मग बांध फुटला. दोन हिवाळ्यांची साठलेली उत्तरं त्या संडासाएवढ्या खोपटात कर्टिसच्या अंगावर येऊन आदळायला लागली. सूप पिणं आहे म्हणतोस, तर आर्विदच्या आईचं वाटाण्याचं सूप तू पाहिलेलं नाहीस. त्यात चमचा उभा राहायचा, आणि जे उभं राहतं ते पीत नाहीत. दुकानातलं यंत्र वाईट म्हणतोस, तर रेनोच्या मते माणसाच्या जातीने लावलेला तो सर्वांत मोठा शोध आहे, कारण ते यंत्र 'काय, कसं काय?' असं विचारत नाही. सिनेमे लांब आहेत हे खरं, पण उपाय ते छोटे करणं नव्हे. मध्यंतर परत आणा, माणसाला माणसासारखं वागवा. जुना गेम नव्याने रंगवण्यावर रेनोचं म्हणणं पडलं, की आपण दर वर्षी खोपटाला रंग देतो, तळं तेच आहे, कोणाची तक्रार नाही. आयुष्यात एकही गेम न खेळलेला हा माणूस गेमवर इतकं ठाम बोलत होता, की कर्टिसला आरशात बघितल्यासारखं झालं.

सुरुवातीला तो गोंधळला, मग पेटला. सुपाचा मुद्दा त्याने लावून धरला. चमचा उभा राहिला तर ते सूप नाही, ती उसळ आहे, असं तो म्हणाला. आर्विदला आईचा अपमान वाटला आणि तो काठी सोडून उभा राहिला, पण छत लागल्यामुळे पुन्हा बसला. पास्ट्या निघाल्या. केचपची बाटली फिरली. कर्टिसने ग्रेव्ही मागितली नाही, पण मागावीशी वाटते हे सांगितलं. रेनो म्हणाला, की वाटण्यावर बंदी नाही. बाहेर ऊन डोक्यावर आलं कधी आणि ढळलं कधी, कुणाला कळलं नाही.

अशा ऐन रंगात कर्टिसची काठी वाकली.

"रेनो!" तो ओरडला. इतक्या वर्षांत सासऱ्याला नावाने हाक मारायची की बाबा म्हणायचं हे न ठरल्यामुळे तो नुसता खाकरत आला होता; ते असं परस्पर ठरून गेलं.

दोरी सुटू दे, रेनो शांतपणे म्हणाला. पण कर्टिसच्या हातांना गेमची सवय. गेममध्ये मासा डावीकडे गेला की काठी उजवीकडे, उजवीकडे गेला की डावीकडे, आणि अंगठा सारखा दाबत राहायचा. त्याने काठी डावीकडे फिरवली, ती आर्विदच्या टोपीला लागली. उजवीकडे फिरवली, ती शेगडीला लागली. अंगठा तो जिवाच्या आकांताने काठीच्या मुठीवर दाबत होता, आणि तिथे दाबायला काही नव्हतं. खाली भोकात क्षणभर एक रुंद सोनेरी पाठ चमकली. वॉलआय, आर्विद त्या मानाच्या माशाचं नाव पुटपुटला, आणि चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली. कर्टिसने दोन्ही हातांनी हिसका दिला. हातमोजा सुटला, आणि काठी, दोरी, गळ, मासा, सगळं सुळकन् भोकात गेलं.

पाणी पुन्हा स्थिर झालं. तिघं भोकाकडे बघत राहिले. कर्टिसचा अंगठा अजून हलत होता. कुठेतरी 'पुन्हा खेळा' असं येईल म्हणून तो वाट बघत असावा.

"आर्विद," रेनो म्हणाला, "पोरगं बरोबर बोललं होतं. ह्याच्यासाठी खेळातलाच मासा बरा."

घरी आल्यावर कर्टिसने सगळं ध्वनिमुद्रण ऐकलं. बॅटरी गारठली नव्हती. काटछाट न करता त्याने ते जसंच्या तसं टाकलं, त्याच्या किंकाळीसकट. त्या भागाला जेवढे श्रोते मिळाले तेवढे त्याला सगळ्या वर्षात मिळाले नव्हते. आमिषाच्या दुकानात तो सलग दोन शनिवार वाजला. लोरेनने त्याच्या ताटात खरा मासा ठेवला आणि वर एक लिंबू जास्तीचं. पत्रं आली. मॅनिटोबाच्या श्रोत्याने लिहिलं होतं, की तो कमी बोलणारा म्हातारा कोण, त्याला कायम ठेवा. इतरांनीही साधारण तेच लिहिलं होतं. कर्टिसबद्दल कुणी वाईट लिहिलं नव्हतं. कर्टिसबद्दल कुणी काहीच लिहिलं नव्हतं.

रेनो रविवारी तळघरात येऊ लागला. तो येतो, घरातली एकमेव पाठ टेकता येणारी खुर्ची घेतो, कोट काढत नाही. कर्टिस विषय मांडतो, रेनो दोन वाक्यांत तो निकालात काढतो. मार्सीने तर धुणंच शनिवारवर ढकललं. कर्टिसला हे विशेष लागलं. माझ्यासाठी कधी थांबवलं नाहीस, तो म्हणाला. ती म्हणाली, बाबांना आवाजाचा त्रास होतो.

कर्टिस हळूहळू मवाळ झाला. एक तर बुडालेल्या काठीचं ओझं मनावर होतं. नवी आणून दिली तेव्हा रेनोने ती घेतली, वाकवून पाहिली आणि 'हं' म्हणाला, आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात कर्टिसचा आठवडा गेला. शिवाय लोकांना म्हाताराच हवाय तर आपण कशाला मध्ये पडा, असंही त्याला वाटायला लागलं. रेनो म्हणाला, की सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात तेव्हा उठून जाणं असभ्य आहे. कर्टिस म्हणाला, हो, खरं आहे. रेनो म्हणाला, की गेममध्ये माणूस मेला तर मेला, पुन्हा जिवंत व्हायची सोय नको; कर्टिस म्हणाला, तसंही बघता येईल. रात्री जेवताना तो मार्सीला म्हणाला, की पॉडकास्टचं नाव बदलावं का? मार्सी ताटातलं मीठ सारखं करत म्हणाली, ते तुम्ही दोघं बघा.

पुढच्या बुधवारी रेनो दुकानात आला. या वेळी त्याने काहीच उचललं नाही. मागे दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना त्याने हाताने थांबा म्हटलं.

"रविवारी तू तीनदा हो म्हणालास," तो म्हणाला.

कर्टिस म्हणाला, तुमचं पटलं म्हणून.

"पटलं नव्हतं. तोंडावर दिसत होतं." रेनोने टोपी काढली, आतून बघितली, परत घातली. "हो म्हणायला मला आर्विद आहे. आमचं लग्न झालं तेव्हापासून सिर्का मला एकदाही हो म्हणाली नाही. साधं मीठ किती घालायचं यावर चाळीस वर्षं भांडलो. ती गेल्यापासून घरात माझं सगळंच बरोबर असतं. त्या खोपटात फोनवर तुला लावायचो ते उगाच नाही."

एवढं बोलून त्याला दम लागल्यासारखं झालं. आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण होतं ते. मागचं गिऱ्हाईक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलं.

"रविवारी हो म्हणणार असशील तर मी येत नाही," रेनो दारातून म्हणाला. "हवा चांगली आहे. मासे लागतायत."

रविवारी तो आला. कर्टिसने माइक चालू केला, घसा साफ केला आणि कुठलीही प्रस्तावना न करता सांगितलं, की मी तळ्यावर गेलो, दिवसभर बसलो, काठी घालवली, बोटं सुजली, आणि माझं मत आजही तेच आहे. खेळातली मासेमारी खऱ्यापेक्षा बरी. तिथे मासा हातातून गेला तर निदान सासरा बघत नाही.

रेनोने खुर्चीत हात टेकले आणि पहिल्यांदाच कोट काढला. मग त्याने विचारलं, की तुझ्या खेळातला मासा तळता येतो का? कर्टिस म्हणाला येतो, वर आयुष्यही वाढतं, बाजूला आकडा दिसतो. रेनो म्हणाला की आकडा खाऊन कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नाही. कर्टिस म्हणाला की पेन्सिलीएवढा मासा खाऊनही ऐकिवात नाही. तिथून जे सुरू झालं ते माशांवरून पास्टीवर गेलं, पास्टीवरून विस्कॉन्सिनवर, विस्कॉन्सिनवरून जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीवर, जिचा पॉडकास्टशी काही संबंध नव्हता. दोघांचे आवाज चढले. माइकचं भान कुणाला राहिलं नाही.

मार्सी शनिवारी राहून गेलेल्या धुण्याची टोपली घेऊन जिन्याने खाली येत होती. अर्ध्यावर थांबून तिने ऐकलं. बाप म्हणत होता, की तुला अक्कल नाही, आणि नवरा म्हणत होता, की अकलेचा प्रश्नच नाही, हा चवीचा प्रश्न आहे. ती टोपली जिन्यावरच ठेवून परत वर गेली आणि तिने तिघांची कॉफी टाकली.